पहाटेचा ताज, आठ माणसं आणि एका ड्रायव्हरची झोप

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नोएडाला घरचं लग्न होतं. आम्ही मुलीकडचे, पुण्या-जळगावाहून गेलेले. बुधवारी रात्री संगीत, गुरुवारी हळद, शनिवारी लग्न, आणि मधला शुक्रवार मोकळा. ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर ताज बघून येऊ’ हे आधी कोण म्हणालं ते आता कुणी कबूल करत नाही. पण आखणी माझ्या गळ्यात आली. नात्यातल्या सगळ्यांच्या सहली मीच आखते. धंदा नाही, खाज आहे. ही सहल मात्र लिहून ठेवण्यासारखी झाली, कारण तिच्यात जवळजवळ प्रत्येक गोष्ट सुरुवातीला चुकीच्या बाजूने धरली गेली होती.

मागणी एका वाक्यात सांगता येईल अशी होती: पहाटे निघायचं, सूर्योदयाला ताज, सोबत गाइड, संध्याकाळी घरी. माणसं आठ. आत्या, वय ६७, मधुमेह आणि दोन्ही गुडघे दुखरे. तिची मुलगी म्हणजे ताई, भाऊजी आणि त्यांचा १३ वर्षांचा मुलगा. भाऊजींचे वडील अण्णा, वय ७९, आणि काकू. मी आणि माझा नवरा. माझ्याकडे चौकशी येण्याआधीच भाऊजींनी दिल्लीतल्या एका एजन्सीशी बोलून ठेवलं होतं. एजन्सीचा कार्यक्रम असा: नोएडाहून पहाटे चारला निघणे, ताजवर सूर्योदय, आग्रा किल्ला, संगमरवराचा कारखाना, जेवण, एतमादुद्दौलाची कबर, मेहताब बाग, रात्री परत. दिवस शुक्रवार. आगाऊ रक्कम मागितलेली, बुकिंग ‘कन्फर्म’.

ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो. त्या दिवशी तिथल्या मशिदीत दुपारची नमाज होते आणि स्थानिक नमाजींनाच आत सोडतात. दिल्लीत बसून रोज आग्र्याच्या सहली विकणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. मी फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, मेहताब बाग से दिखा देंगे, व्ह्यू वहीं से बढ़िया है.’ म्हणजे नदीच्या पलीकडून. आगाऊ रक्कम दिलेली नव्हती, तेवढंच नशीब.

दिवस बदलण्यासाठी हळद बदलावी लागली. हळद घराच्या गच्चीवर होती, हॉल वगैरे नव्हता, म्हणून ती गुरुवारवरून शुक्रवारवर ढकलता आली. व्याह्यांना कारण सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, आम्ही इथे चाळीस वर्षं राहतोय, अजून ताज पाहिला नाही.

सूर्योदयाचा हिशेब

दिवस ठरल्यावर मी घड्याळ घेऊन बसले. ताज सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतो. तिकीट खिडकी सूर्योदयाच्या तासभर आधी सुरू होते. फेब्रुवारीच्या शेवटाला आग्र्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे दार सव्वासहाला उघडणार.

आता रस्ता. नोएडाहून ग्रेटर नोएडातला परी चौक गाठायचा, तिथून यमुना एक्स्प्रेसवे धरायचा. हा रस्ता १६५ किलोमीटरचा, सहा पदरी, सिमेंट काँक्रीटचा. २०१२ साली सुरू झाला. कारसाठी वेगमर्यादा १०० ची, आणि धुक्याच्या दिवसांत, १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, ती ७५ वर आणतात. आमची तारीख या निर्बंधानंतरची होती, हे एक बरं झालं. दोन्ही टोकांचा शहरातला भाग धरून एकूण दोनशेच्या आसपास किलोमीटर, चहाला थांबून तीन तास. मग शिल्पग्रामच्या वाहनतळावर गाडी सोडायची. ताजच्या जवळ पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना मनाई आहे, पूर्व दरवाजापर्यंतचं किलोमीटरभर अंतर बॅटरीच्या गाडीने किंवा चालत. पुढे तिकीट तपासणी, पुरुष-बायकांच्या वेगळ्या रांगा, झडती. हा सगळा मिळून अर्धा तास.

चारला निघालो असतो तर सात वाजता वाहनतळ आणि साडेसातला आत. एजन्सीच्या कार्यक्रमातला सूर्योदय आम्ही आग्र्याच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाजण्याची वाट बघत पाहिला असता. खरोखर दार उघडताना दारात असायचं तर मध्यरात्रीनंतर पावणेतीनला निघायला हवं, आणि आदल्या रात्री संगीत अकरापर्यंत.

इथे सगळ्यांचं लक्ष आपापल्या झोपेकडे होतं. आम्ही गाडीत डुलक्या घेऊ शकत होतो. ड्रायव्हर घेऊ शकत नव्हता. म्हणून मी एजन्सीला शेवटचा एक प्रश्न विचारला: तुमचा ड्रायव्हर बुधवारी दिवसभर काय करणार आहे? उत्तर आलं, दिवसा लोकल ड्यूटी, रात्री एअरपोर्ट, तिथून थेट तुमच्याकडे. हे त्यांनी वक्तशीरपणाची हमी म्हणून सांगितलं! पहाटे तीन ते सहा, सरळ, रिकामा, एकसुरी काँक्रीटचा रस्ता, आणि चाकावर चोवीस तास जागा असलेला माणूस. शुक्रवारच्या घोळानंतरही भाऊजी त्या एजन्सीला सोडायला तयार नव्हते, या उत्तरानंतर तेच म्हणाले, नको.

दुसरी गाडी व्याह्यांच्या ओळखीतून मिळाली, मालकाची स्वतःची. अट एकच घातली: ड्रायव्हर बुधवारी दुपारी चारनंतर मोकळा, घरी जाऊन झोपलेला. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे आम्ही वेगळे दिले. घरात यावर थोडी कुरबुर झाली, ‘झोपायचे कसले पैसे’ वगैरे. आणि परतीचं काय, हा पुढचा प्रश्न निघाला. पहाटे तीनला उठलेल्या माणसाने दुपारी जेवून पुन्हा तोच रस्ता धरायचा, म्हणजे धोका तेवढाच. म्हणून असं ठरलं की शिल्पग्रामला गाडी लागली की दुपारी बारापर्यंत तिला हात लावायचा नाही. ड्रायव्हर गाडीत झोपेल, आग्र्यात आम्ही रिक्षाने फिरू. संपूर्ण आखणीत एवढ्या एका कलमावर मी कुणाचंही ऐकलं नाही.

अण्णांचा किल्ला

पहाटे तीनचं ऐकल्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, ‘मी १९७१ साली ताज पाहिलाय. तो काही हलला नसेल. मला किल्ला बघायचाय.’

मराठी घरात आग्रा म्हटलं की दोन वेगवेगळे आग्रे असतात, हे मला आधीच लक्षात यायला हवं होतं. एक शहाजहानचा, दुसरा महाराजांचा. अण्णांना दुसरा हवा होता आणि त्यासाठी पहाटेची काही गरज नव्हती. आग्रा किल्ला सूर्योदय ते सूर्यास्त उघडा असतो, शुक्रवारीही.

तिथून उलगडा झाला. आठही जणांनी एकत्र निघालंच पाहिजे हे आम्ही न बोलता गृहीत धरलं होतं. सात आसनांच्या गाडीत आठ जण बसतही नव्हते. दुसरी गाडी काढण्याची चर्चा चालू होती. तेव्हा गट तोडला. आत्या, ताई, भाऊजी, भाचा आणि मी पहाटेच्या गाडीने. अण्णा, काकू आणि माझा नवरा गतिमान एक्स्प्रेसने. ही गाडी हजरत निजामुद्दीनहून ८.१० ला सुटते आणि ९.५० ला आग्रा कँटला पोचते, १८८ किलोमीटर १०० मिनिटांत. संध्याकाळी ५.५० ला कँटहून परत. ताज शुक्रवारी बंद, म्हणून ही गाडीही शुक्रवारी धावत नाही. आधीच्याच दिवसावर अडून बसलो असतो तर हा पर्यायही हातात नव्हता.

भेटीची जागा अण्णांनी ठरवली: किल्ल्याच्या अमरसिंह दरवाजासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याच्यापाशी, साडेदहाला.

आत्यालाही रेल्वेने पाठवावं असं ताईचं मत होतं. आत्या ऐकेना. तिचं माहेर रावेरचं, बुऱ्हाणपूर तिथून हाकेवर. मुमताज १६३१ साली बुऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात वारली आणि आधी तिथेच, तापीकाठच्या बागेत पुरली गेली. नंतर तिला आग्र्याला नेलं. ‘आमच्याकडची बाई आहे ती, रिकामी असताना भेटायचंय मला,’ असं आत्याने सांगितल्यावर वाद संपला.

गाइड

गाइडबाबत माझा अनुभव असा की चांगला गाइड जागा दाखवतो आणि वाईट गाइड वेळ खातो. आग्र्यात तिसरी जात आहे, तिला तिथले लोकच ‘लपके’ म्हणतात: वाहनतळापासून मागे लागणारे, गळ्यात कसलंतरी ओळखपत्र, ‘लाइन के बिना अंदर’ असं आश्वासन, आणि शेवट संगमरवराच्या दुकानात. त्यांना टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे गाइड आधीच ठरलेला असणं. आम्ही पर्यटन खात्याचा परवाना असलेला गाइड फोनवरून ठरवला. फोनवर मी त्याला मिनार बाहेर का झुकलेत हे विचारलं नाही. ते सगळे सांगतात. विचारलं ते असं, की सकाळी सात वाजता उभं कुठे राहायचं? त्याने लगेच उत्तर दिलं: ‘मशिदीकडे उभे राहिलात तर सूर्य ताजच्या मागे, काळी आकृती दिसेल. जवाबकडे उभे राहा, उजेड संगमरवरावर दिसेल.’ मशीद ताजच्या पश्चिमेला आणि तिच्याशी तोल साधायला बांधलेली तशीच दुसरी इमारत, जवाब, पूर्वेला. माणूस त्या वेळी तिथे खरंच जातो हे कळलं.

मग तीन गोष्टी ठरवून घेतल्या. पहिली, कुठल्याही शोरूममध्ये जायचं नाही. ते कमिशन त्याचं उत्पन्न असतं, हे आपल्यालाही माहीत असतं. म्हणून त्याच्या दरावर आम्ही आपणहून थोडे जास्त दिले. दुसरी, कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट सांगायची नाही. तिला आधार नाही आणि भाचा शाळेत जाऊन ती परत सांगेल. नदीपलीकडच्या काळ्या ताजचंही तसंच. मेहताब बागेत १९९० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा काळ्या ताजचा पाया नव्हे, एक मोठा अष्टकोनी हौद निघाला.

तिसऱ्या गोष्टीवर तो अडला. मी म्हटलं, आत शिरल्यावर कुठेही थांबायचं नाही, थेट कबरीपर्यंत चालायचं, आणि माहिती परत येताना सांगायची. त्याची रीत उलटी होती. मुख्य दरवाजाच्या चौकात वीस मिनिटं इतिहास, मग दरवाज्याच्या चौकटीतून ताजचं ते पहिलं दर्शन, मग कारंज्याजवळ फोटो, मग बाक, मग पुढे. पंचवीस वर्षांची सवय होती ती. पण पहाटे दार उघडल्यावर ज्या पहिल्या शे-दीडशे लोकांत आपण असतो, त्यांतले बहुतेक दरवाज्यातच फोटोला अडकतात. तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांत कबरीची इमारत जवळजवळ रिकामी असते. ती वेळ चौकात उभं राहून १६३२ साली बांधकाम कसं सुरू झालं हे ऐकण्यात घालवायची, तर पहाटे उठलोच कशाला? तो ‘जैसा आप कहें’ म्हणाला. आवाजावरून पटलेलं वाटलं नाही.

तिकिटं आदल्या दिवशी ऑनलाइन काढली. भारतीयांना प्रवेश ५० रुपये, मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचे वेगळे २००. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, भाच्याच्या वयाचा पुरावा म्हणून आधार घेतलं. वरचे २०० वाचवून बागेतूनच बघायचा पर्याय असतो, आत्याच्या गुडघ्यांमुळे त्यावर बोलणंही झालं. तिने काढायला लावलं. तिकीट आत शिरल्यापासून तीन तास चालतं. पौर्णिमेच्या आगेमागे रात्री ताज दाखवतात तोही विचार ताईने मांडला होता. पण तिथे अर्ध्या तासाच्या तुकड्यांत, मुख्य दरवाजाजवळच्या चौथऱ्यावरूनच बघायला मिळतं, आणि पौर्णिमा आमच्या तारखांत बसतही नव्हती.

गुरुवार

तीनला निघायचं होतं, तीन पंचवीसला निघालो. भाच्याचा एक बूट सापडत नव्हता. ड्रायव्हर ताजातवाना, दाढी केलेला, थर्मासमध्ये स्वतःचा चहा घेऊन आलेला. जेवरचा टोलनाका ओलांडल्यावर पंधरा मिनिटं थांबलो. मथुऱ्यापर्यंत रस्ता स्वच्छ होता. तिथून पुढे मात्र यमुनेकडून पांढरं धुकं रस्त्यावर आलं आणि ड्रायव्हरने वेग निम्म्यावर आणला. भाऊजी मागून ‘थोडं दाबा’ म्हणाले, ताईने त्यांच्याकडे बघितलं, विषय संपला. तारीख धुक्याच्या निर्बंधाबाहेरची आहे म्हणून मी निर्धास्त होते. धुक्याला सरकारी तारीख माहीत नव्हती.

शिल्पग्रामला सहा पंचेचाळीस. आता गडबड झाली ती डब्याची. ताजच्या आत खाण्याचं काही नेता येत नाही. तंबाखू, काडेपेटी, चाकू, तिपाई, मोठी बॅग, काहीच नाही. पाण्याची बाटली चालते. हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. आत्याने मात्र पर्समध्ये डिंकाचे दोन लाडू ठेवले होते, ‘साखर उतरली तर’ म्हणून. खरं तर तिचंच बरोबर होतं, माझ्या यादीत मधुमेहाचा विचार नव्हता. ती पहाटे गोळी घेणार, आणि साडेनऊपर्यंत पोटात काही नाही, हे मला दिसायला हवं होतं. गाडीतच तिला एक लाडू आणि दशमी खायला लावली, त्यात दहा मिनिटं गेली. दुसरा लाडू भाच्याने खाल्ला. त्याची तिपाई गाडीत राहिली, तो रुसला.

बॅटरीच्या दोनच गाड्या चालू होत्या. पहिलीत आत्या, ताई आणि मी, बाकीचे चालत. पूर्व दरवाजावर रांग होती पण सरकणारी. सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही आत होतो. म्हणजे सूर्योदय पंचवीस मिनिटांपूर्वी होऊन गेलेला. अर्थात झाला असेल तर. आकाशात सूर्याचा पत्ताच नव्हता. मुख्य दरवाजाच्या कमानीत उभं राहिल्यावर समोर जिथे ताज असायला हवा तिथे राखाडी कापूस होता.

गाइड थांबला. सवयीने. मी फक्त हाताने पुढे दाखवलं.

चालत गेलो. ताज हा असा बघायचा असतो हे मला माहीत नव्हतं. मधल्या चौथऱ्यापर्यंत पोचेस्तोवर काही दिसलं नाही, मग आधी घुमटाची वरची कडा, मग डावा मिनार, आणि मग एकदम सगळंच. कुणीच फोटो काढत नव्हतं कारण काढण्यासारखं काही नव्हतं. बहुतेक लोक मागे, दरवाज्यातच, धुकं जाण्याची वाट बघत थांबले होते. आत्या ताईचा हात धरून चौथऱ्याच्या पायऱ्या एक एक करत चढली, सहा-सात मिनिटं लागली. बुटांवर आवरणं चढवून आत गेलो तेव्हा कबरीच्या दालनात आम्ही पाच, गाइड, एक पहारेकरी आणि एक परदेशी जोडपं. एवढेच.

आत फोटोला बंदी आहे, त्यामुळे सगळे नुसते उभे. गाइडने हळू आवाजात एकच वाक्य म्हटलं आणि ते घुमटात फिरत राहिलं. मग त्याने मोबाइलचा टॉर्च जाळीवरच्या एका तांबड्या फुलाला टेकवला. संगमरवरात बसवलेला तो दगड निखाऱ्यासारखा आतून पेटला. दुपारी ही जाळी माणसांच्या पाठींनी झाकलेली असते. भाच्याचा रुसवा तिथे गेला; त्यानेच शोधून काढलं की मुमताजची कबर बरोबर मध्यभागी आहे आणि शहाजहानची बाजूला, उंच. संपूर्ण इमारतीतली ती एकच गोष्ट तोल मोडणारी. या वरच्या कबरी दाखवण्यापुरत्या, खऱ्या खाली तळघरात, हे गाइडने सांगितल्यावर आत्याने जमिनीकडे बघून हात जोडले. काय म्हणाली ते तिने सांगितलं नाही.

बारा मिनिटं. मग दारातून गलका आला आणि पहारेकरी ‘चलते रहिए’ म्हणू लागला.

बाहेर आल्यावर जवाबच्या ओट्यावर बसून गाइडने आपली पूर्ण माहिती सांगितली: उस्ताद अहमद लाहोरी, मकराण्याचा संगमरवर, अमानत खानाची सुलेखनातली सही, मुख्य इमारत दहा-अकरा वर्षांत आणि सारा परिसर १६५३ पर्यंत. बघून झालेल्या गोष्टीबद्दल ऐकताना लोक प्रश्न विचारतात, हे त्याच्याही लक्षात आलं असावं. भाऊजींनीच पाऊण तास घेतला. पावणेआठनंतर सूर्य दिसला, पांढऱ्या वाटोळ्या पापडासारखा. नारिंगी सूर्योदय कुणालाच मिळाला नाही.

पावणेदहाला बाहेर पडलो. बेडई म्हणजे तिथली मसालेदार पुरी आणि जलेबी असा नाश्ता केला (आत्याने जलेबीकडे फक्त बघितलं), आणि रिक्षाने किल्ला गाठला. ड्रायव्हर गाडीत, काचा इंचभर खाली करून, गाढ.

दुपारचा अर्धा भाग

पुतळ्यापाशी अण्णा आमच्या आधी पोचले होते. गतिमान वेळेवर आली होती. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. किल्ल्यात शिरताना अमरसिंह दरवाजानंतर जो दगडी चढ लागतो तो वयस्कर माणसाला दमवतो, हे मी कागदावर धरलं नव्हतं. अण्णा दोनदा भिंतीला टेकून थांबले. वर गेल्यावर गाइडने एका अंधाऱ्या खोलीकडे बोट करून ‘यहाँ शिवाजी को क़ैद रखा था’ असं म्हटलं मात्र, अण्णांनी त्याला तिथेच थांबवलं. महाराज १२ मे १६६६ ला दरबारात आले ते या किल्ल्यात. पण त्यांना ठेवलं होतं ते बाहेर, रामसिंहाच्या छावणीजवळच्या मुक्कामी, फुलादखानाच्या पहाऱ्यात. तिथून ते १७ ऑगस्टला निसटले. गाइडने ऐकून घेतलं, आणि मग त्याने जे सांगितलं ते अण्णांना नवीन होतं: याच किल्ल्यात आठ वर्षं कैदेत असलेला शहाजहान त्याच वर्षी, २२ जानेवारीला वारला होता. जिथून ताज दिसतो त्या मुसम्मन बुर्जात. महाराज आले तेव्हा ती खोली रिकामी होऊन चार महिनेही झाले नव्हते. अण्णा आणि गाइड बुर्जाच्या कठड्यापाशी बराच वेळ बोलत राहिले. मी घड्याळ बघणं सोडून दिलं.

त्यामुळे आमची गाडी साडेबाराऐवजी सव्वाएकला निघाली. ड्रायव्हर पाच तास झोपून, जेवून तयार. साडेचारला नोएडा.

नवरा, अण्णा आणि काकू मागे राहिले. काकूंनी ताज पाहिला नव्हता, म्हणून ते तिघे दुपारी पश्चिम दरवाजाने आत गेले. एकाच दिवशी एकाच जागेचे दोन अहवाल माझ्याकडे आले ते असे. दोन वाजता आकाश निळंशार, ताज डोळे दिपतील इतका पांढरा. फोटो अप्रतिम, घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी तेच ठेवलेत, आमचे सकाळचे फोटो म्हणजे राखाडी चौकोन. पण कबरीकडे जाणारी रांग चौथऱ्याला वळसा घालून गेली होती. पाऊण तास उभं राहून काकू कंटाळल्या आणि आत न जाताच परतल्या. त्यांचे दोनशे रुपये वाया गेले याचं त्यांना अजून वाटतं. अण्णा बागेतल्या बाकावर बसून होते.

आखणीत मी जे बदलेन ते असं. ज्येष्ठांच्या गटाला १० ते ५.५० हा फार लांब दिवस झाला, आग्र्यात दोन तासांची विश्रांतीची खोली घ्यायला हवी होती. काकूंना पहाटेच्या गाडीत आणि भाऊजींना रेल्वेत बसवलं असतं तर दोघांचं भलं झालं असतं. कुणाला काय हवंय हे मी वयावरून ठरवलं, विचारलं नाही. मधुमेही माणसाचं खाणं आत जाण्याच्या वेळेत मोजायचं. धुक्यासाठी अर्धा तास धरायचा, तारीख कुठलीही असो. ड्रायव्हरच्या झोपेचं कलम आहे तसंच ठेवायचं, आणि आधी चालायचं, मग ऐकायचं, हेही.

लग्नानंतर आठवड्याने गाइडचा फोन आला. हिशेबाचं काही राहिलं का असं मला वाटलं. तो म्हणाला, पुण्याचीच एक मंडळी रविवारी येतायत, त्यांनाही आधी थेट आत नेऊ का, की ते चिडतील?

मी म्हटलं, आधी त्यांना विचारा, ड्रायव्हर किती वाजता झोपला होता.